काढता-घालता येणारं नेटवर्क

"हे होणार नाही. याआधी दोघातिघांनी करून पाहिलंय. त्यापेक्षा तुम्ही माहितीपुस्तिकांमधल्या चुका दुरुस्त करायला घ्या, नवीन माणसाला ते बरं पडतं."

मेल इंग्रजीत होती आणि फार सभ्य होती, पण मराठीत आणली की एवढंच उरतं. परंड्याला आमच्या घरी, सकाळच्या चहाला मी ती वाचली आणि कप असा आपटला की अम्मी ओट्याजवळून ओरडली, "कप ने तेरा क्या बिगाड्या गे?" घरात आमची बोली दखनी. इथं मी ती मराठीत उतरवतेय. अम्मीची दोन-चार वाक्यं तेवढी तशीच ठेवते, कारण ती उतरतच नाहीत.

नवीन माणूस म्हणे! दोन वर्षं मी त्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करत होते. मोठ्या कंपन्यांची नव्हे ती. जगभरातल्या मूठभर माणसांनी हौसेनं लिहिलेली, लहान यंत्रांसाठीची, कुणीही वाचावी आणि कुणीही सुधारावी अशी. कुणीही म्हणजे अर्थात मुकादमाला विचारून. नेटवर्कच्या भागात काय घ्यायचं आणि काय परत पाठवायचं हे ठरवणारा एक माणूस होता, कुठल्याशा थंड देशात राहणारा. ऊसतोडीच्या टोळीत कोण कुठल्या फडात उतरणार ते जसा मुकादम ठरवतो तसा. म्हणून मी मनातल्या मनात त्याला मुकादमच म्हणायची. मला मेल त्याचीच होती, नेटवर्क काढता-घालता येईल असं करते, या माझ्या प्रस्तावावर.

आता माझं यात काय अडकलं होतं ते सांगते, म्हणजे कप का आपटला ते कळेल.

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी नोकरी करत होते तिनं काही वर्षं घरून काम चालवून घेतलं, आणि त्या पावसाळ्यात फर्मान काढलं की दिवाळी झाली की सगळ्यांनी ऑफिसात. न येणाऱ्यानं राजीनामा द्यावा. मला पुणं नवं नव्हतं. कॉलेजनंतर मी तिथं राहिले होते आणि खोली शोधण्यात जेवढी चप्पल झिजवली तेवढी नोकरी शोधण्यातही नाही. फोनवर खोली रिकामी असायची, नळाला चोवीस तास पाणी असायचं, मालकीणबाई गोड बोलायच्या. मी माझं नाव सांगितलं की खोली नुकतीच, अगदी दहा मिनिटांपूर्वी, कुणाला तरी दिलेली असायची. एकदा नाही, दोनदा नाही. पण म्हणून मी घाबरून गावी आले असं कुणी समजू नये. मला परंड्यातच राहायचं होतं. माझं डोकं इथं चालतं, माझी माणसं इथं आहेत, आणि कॉम्प्युटरला कुठं कळतं तो कुठल्या तालुक्यात ठेवलाय ते.

त्याच दिवसांत दुसरी एक छोटी कंपनी भेटली. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी ती यंत्रं बनवते. कॅन काट्यावर ठेवला की वजन, फॅट, सगळं यंत्रात जातं आणि तिथून नेटवर्कवरून डेअरीकडे. या यंत्रांत आमचीच ती ऑपरेटिंग सिस्टिम होती. त्यांचं दुखणं एकच. खेड्यात रेंज येते-जाते, त्यात नेटवर्क कधीतरी असं गुंतून बसतं की सगळं यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. तेवढा वेळ काटाही बंद. दारात दुधाची रांग, डोक्यावर ऊन आणि कॅनमध्ये दूध नासायला लागलेलं. त्यांचं म्हणणं होतं की नुसतं नेटवर्क तेवढं काढून परत घालता आलं, वजन करणं न थांबवता, तर पुढचं सगळं काम आम्ही तुम्हालाच कायमचं देऊ, कुठंही बसून करा. फक्त ते मूळ सिस्टिमच्या पुढच्या आवृत्तीत अधिकृतपणे आलेलं पाहिजे. एकट्या तुमच्या कॉपीवर आम्ही इतक्या गावांची यंत्रं सोडू शकत नाही. बोलणं सरळ होतं, मला पटलं.

पुढच्या आवृत्तीत नवं काही घेण्याचं दार दिवाळीच्या आधी एक आठवडा बंद होणार होतं. म्हणजे हिशेब सोपा. मुकादमानं दारातून आत घेतलं तर मी परंड्यात, नाहीतर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या एसटीत. आणि मुकादम म्हणत होता, माहितीपुस्तिका दुरुस्त करा.

मी त्याला एका ओळीत उत्तर लिहिलं: "तुमचा आधार असो नसो, मी करतेय. झालं की दाखवते." अब्बांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "जरा मऊ लिही की." मी म्हटलं, मऊ लिहून काय मिळालंय आजवर?

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यंत्राची मेमरी, घड्याळ, काटा, स्क्रीन, सगळ्यांना तोच सांभाळतो. गाभ्यातले काही भाग वेगळे करून ठेवता येतात. लागले की आत घ्यायचे, नको झाले की बाहेर काढायचे, यंत्र चालूच. या वेगळ्या भागाला मॉड्यूल म्हणतात. आमच्या सिस्टिममध्ये प्रिंटरचं मॉड्यूल होतं, आवाजाचं होतं. पण नेटवर्कचं अख्खं काम, जोडणी उघडण्यापासून ते माहितीचे तुकडे पाठवण्यापर्यंत, ज्याला नेटवर्क स्टॅक म्हणतात, ते मात्र गाभ्यातच कालवलेलं होतं. वरणात मीठ कालवावं तसं. गाभ्यात शेकडो ठिकाणी कुणीही उठून थेट नेटवर्कच्या आतल्या फंक्शनला हाक मारत होतं. घड्याळाचा भाग हाक मारायचा, फाइलींचा भाग मारायचा. एके ठिकाणी तर चक्क स्क्रीनचा भाग नेटवर्कला हाक मारत होता. का, ते लिहिणाऱ्यालाही आता आठवत नसणार.

मी एकेक हाक शोधली. सगळ्यांसाठी मध्ये एक तक्ता ठेवला. नेटवर्क आत आलं की ते तक्त्यात आपली नोंद करणार, आणि कुणाला काही हवं असेल तर त्यानं तक्त्याला विचारायचं. नोंद असेल तर काम होईल, नसेल तर "नेटवर्क सध्या नाही" एवढं उत्तर मिळेल आणि यंत्र आपलं पुढं चालेल. सांगायला चार वाक्यं लागली, करायला श्रावण आणि अर्धा भाद्रपद गेला. दिवसा पुण्याच्या नोकरीचं काम, त्याआधी पहाटे आणि त्यानंतर संध्याकाळी हे. खाला, म्हणजे अम्मीची बहीण, एकदा भेटायला आली तेव्हा माझ्या स्क्रीनकडं बघून अम्मीला म्हणाली, "पोरगी दिवसभर काय करायलीया? स्थळ बघायचं सोडून हे काय वाचायलीया?" मी म्हटलं, खाला, शेकडो ठिकाणचे संबंध तोडायलेय. ती घाबरून चहा अर्धा टाकून गेली. अम्मीनं आठवडाभर मला सुनावलं.

आणि एका शुक्रवारी सकाळी गाभा नेटवर्कशिवाय उभा राहिला. हलका, चटकन. मग मी आज्ञा दिली, नेटवर्क आत आलं, तक्त्यात नोंद झाली आणि पहिलं पान उघडलं. मी खुर्चीतून उठून नाचले. खरंच नाचले, लाज कशाची. मग मी बाहेर काढायची आज्ञा दिली. निघालं! काहीही झालं नाही. मी अब्बांना हाक मारली, ते येईपर्यंत दोनेक मिनिटं गेली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत यंत्र धाडकन पडलं. स्क्रीनवर आकड्यांची रांग आणि सगळं गार. अब्बा म्हणाले, "फ्यूज गेला का?"

फ्यूज गेला असता तर बरं झालं असतं. पुढचे वीस दिवस तेच. आत घ्यायला काही अडचण नाही. बाहेर काढलं की दोन मिनिटं सगळं ठीक, आणि मग धाडकन. नेटवर्क कुणीतरी वापरत असताना ते काढलं तर यंत्र पडणारच, हे मलाही कळत होतं. म्हणून मी मोजणी ठेवली होती. जोडणी उघडली की मोजणी एकनं वर, बंद झाली की एकनं खाली. शून्य झाल्याशिवाय काढायचंच नाही. मोजणी शून्यच होती! दहादा बघितलं. शून्य. कुणीही आत नव्हतं, आणि तरी कुणीतरी आत होतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी मुकादमाला अडचण लिहून विचारलं, कारण शेवटी तो भाग त्याच्या हातचा होता. त्याचं उत्तर आलं. या खेपेला जरा मऊ होतं. आत घेण्याचं काम चांगलं झालंय म्हणाला. बाहेर काढण्याचा नाद सोडा. एकदा आत आलं की निघणारच नाही असं कुलूप घाला, मी या आवृत्तीत घेतो. तुमचं नाव यादीत येईल.

अर्धं मिळत होतं. नाव मिळत होतं. पण दुधाच्या यंत्राला ते अर्धं काय कामाचं? तिथं तर काढूनच परत घालायचं होतं. हे घेतलं असतं तर जगात माझं नाव आणि मी पुण्यात. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी छोडके पूरी के पिच्छे नक्को दौड. आधी बी जाती." अर्धी सोडून अख्खीमागं धावलं की अर्धीही जाते म्हणे. मी मुकादमाला लिहिलं: कुलूप घालणार नाही. निघेल. कसं निघेल ते मात्र मला माहीत नव्हतं. दार बंद व्हायला अडीच आठवडे राहिले होते.

अब्बांविषयी सांगायला हवं. ते वायरमन आहेत, पण सरकारी नाहीत. आमच्याकडं अशा माणसाला झिरो वायरमन म्हणतात. पगार नाही, पट्टा नाही, ओळखपत्र नाही, पण आसपासच्या पाच-सहा शिवारांत लाईट गेली की पहिला फोन त्यांनाच. कुठल्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, कुणाच्या विहिरीला लाईन जाते ते त्यांना तोंडपाठ. पस्तीस वर्षं झाली. या "झिरो"वर मी लहानपणी शाळेत एका पोराचं डोकं फोडलं होतं, त्याची मला अजूनही खंत नाही.

परतीचा पाऊस झाला होता. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन कुर्डुवाडी रस्त्याच्या एका शिवारात गेले. डोकं चालत नव्हतं, घरात बसून तरी काय करणार. वारं-पावसानं तारा एकमेकींत अडकल्या होत्या, म्हणून अब्बांनी डीपीचं हँडल ओढून लाईन बंद ठेवली होती आणि काही शेतकरी आपापल्या खांबाकडं, आपापल्या विहिरीकडं गेले होते. डीपीखाली चपलांचे तीन जोड ओळीनं ठेवलेले होते. हा या भागातला रिवाज आहे. लाईन बंद असताना जो कुणी खांबावर किंवा मोटरीकडं जाईल त्यानं जायच्या आधी आपली चप्पल डीपीखाली काढून ठेवायची. काम झालं की यायचं, चप्पल घालायची आणि जायचं. खाली एक जरी जोड असला तरी लाईन चालू करायची नाही. कागद नाही, सही नाही. चप्पल म्हणजे माणूस अजून तारेवर आहे.

एकेक जण आला, चप्पल घालून गेला. तीनही जोड गेले. मी म्हटलं, "झालं की अब्बा, टाका लाईन आन् जेवा." ते उठले नाहीत. हाताचा कर्णा करून त्यांनी पूर्वेकडं हाक मारली, "कोण हाय का रं वर?" मग पश्चिमेकडं. मग चालत निघाले. मी डबा घेऊन मागं. काळ्या मातीनं माझ्या चपला वीटभर जड झाल्या, शेवटी मी त्या हातात घेतल्या. तिसऱ्या खांबावर खरंच एक काका होते, पक्कड तोंडात धरून. डीपीखाली त्यांची चप्पल नाही की काही नाही.

"काका, चप्पल कुठंय तुमची?" अब्बांनी विचारलं.

"बांधावरच काढली की भाई. एवढ्या चिखलात चप्पल घालून कोण येतंय?"

"मग रुमाल बांधायचा डीपीला. सांगितलंय न्हवं मागंच?"

"इसरलो बगा."

अब्बा रागावले नाहीत. काका उतरेपर्यंत खांबाखाली उभे राहिले. परत येताना मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, जे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी खूप लहान असताना, अशाच पावसानंतर, डीपीखाली एकही चप्पल नाही बघून त्यांनी लाईन टाकली होती. एक जण अनवाणी गेला होता, खांबावर होता. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून अब्बांचा नियम असा की चिखलात अनवाणी येणाऱ्यानं आपला रुमाल नाहीतर टोपी डीपीच्या पेटीला बांधायची, आणि तरीही लाईन टाकायच्या आधी हाक मारायची, जाऊन बघायचं. "चपला मोजून माझं काम संपत न्हाय," ते म्हणाले. "त्या माणसाच्या घरापुढनं जाताना मी अजून गाडीवरनं उतरतो." मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला. शिवारात कोण बघतंय.

त्या क्षणी मला काही सुचलं वगैरे नाही. जेवले, घरी आले, पाय धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या आकड्यांच्या रांगेपुढं बसले तेव्हा स्वतःला विचारलं, आत चप्पल न काढता कोण जातंय? आणि दोन मिनिटंच का? दर वेळी दोनच का?

मग दिसलं. जोडणी बंद झाली तरी नेटवर्क तिला लगेच पुसत नाही. वाटेत मागं राहिलेला एखादा तुकडा उशिरा येईल म्हणून थोडा वेळ थांबतं. त्यासाठी एक टायमर लावून ठेवतं, आणि वेळ भरली की टायमर उठून ती जोडणी कायमची पुसतो. मी मोजणी जोडणी बंद झाल्याबरोबर कमी करत होते. टायमर मात्र अजून आतच, वाट बघत. त्याची मोजणीच नाही. मी शून्य बघून नेटवर्क काढून टाकत होते, दोन मिनिटांनी टायमर उठत होता आणि ज्या फंक्शनला हाक मारायची ते जागेवरच नव्हतं. म्हणून धाडकन. असले टायमर एक नाही, सात ठिकाणी होते, सगळे अनवाणी. वीस दिवस मी फक्त चपला मोजत बसले होते. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला काय काय बोलले असते!

तीन दिवसांत मी ते सगळं बदललं. प्रत्येक टायमर लागताना मोजणीत एक वाढवणार. नेटवर्क काढायची आज्ञा आली की आधी दार बंद, नवीन कुणी आत येणार नाही. मग आत असलेल्या प्रत्येक टायमरला हाक मारून रद्द करायचं आणि त्याची मोजणी परत घ्यायची. जो हाक मारताना कामाच्या मधेच असेल त्याची वाट बघायची. सगळे उतरले की मगच काढायचं. केलं. काढलं. दोन मिनिटं, पाच, दहा. यंत्र चालूच. परत घातलं. परत काढलं. दुपारपर्यंत चाळीस-पन्नास वेळा केलं, हात दुखला तेव्हा थांबले.

मुकादमाला पाठवलं. तीन दिवस गेले. मग एकदम बारीकसारीक खुसपटं आली, इथं नाव बदला, तिथं ओळ लांब झाली. मी सगळी निमूट दुरुस्त केली. निमूट म्हणजे फक्त मेलमध्ये, घरात नाही. मग शेवटची अट आली. दुधाच्या यंत्रासारख्याच लहान यंत्रावर, दर मिनिटाला नेटवर्क काढायचं-घालायचं, सात दिवस अखंड. यंत्र एकदाही बंद पडता कामा नये. एकदाही पुन्हा चालू झालं तर पहिल्यापासून.

दार बंद व्हायला आठ दिवस होते. म्हणजे एकच डाव. आणि सात दिवस अखंड लाईट, परंड्यात! ती मेल लिहिताना तो हसला असेल का मला माहीत नाही, पण मी तेवढं धरूनच चालले. आवृत्ती त्याची, अट त्याची, पण लाईटवरून आम्हाला हरवणार? वायरमनच्या घरात?

अब्बांनी अट दोनदा समजून घेतली. यंत्र बारा व्होल्टवर चालतं एवढं त्यांना पुरलं. ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या त्यांनी कुठून तरी आणल्या, एक लागलेली आणि दुसरी चार्जिंगला. बदलताना क्षणभरही खंड पडू नये अशी दोन्हींची जोडणी केली. म्हणाले, "लाईनच्या भरवशावर ठेवायचंच न्हाय. लाईट आली तर पाहुणी." तिसऱ्या दिवशी दुपारभर लाईट नव्हती, पाचव्या दिवशी सकाळपासून. यंत्राला पत्ताच नाही. अम्मी त्या टेबलाजवळ झाडू लागू देईना. मांजर टेबलावर चढलं तेव्हा तिनं ते ज्या आवाजात हाकललं तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असेल. खालाला फोन चार्ज करायचा होता, तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मी दर तासाला आकडा बघायची आणि बघून झाल्यावरही तिथंच उभी राहायची.

आठव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला सात दिवस पूर्ण झाले. यंत्र चालू. मी नोंदींची अख्खी फाइल पाठवली आणि खाली लिहिलं: "यात लाईट दोनदा गेली होती. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगते."

दुसऱ्या दिवशी, दार बंद व्हायच्या दिवशी, दुपारी उत्तर आलं. त्यानं म्हणे माझ्या फाइलीवर विश्वास ठेवला नव्हता. स्वतःच्या यंत्रावर हजारो अर्धवट जोडण्या उघडून मधूनच नेटवर्क ओढून काढलं होतं, मुद्दाम, पडावं म्हणून. रात्रभर. पडलं नाही. पुढं फक्त एक शब्द होता. घेतलं.

ना माफी, ना शाबासकी. मला नकोच होती. मी ती ओळ तीनदा वाचली, दुधाच्या कंपनीला कळवलं, त्यांचा होकार अर्ध्या तासात आला, आणि मग मी पुण्याला फोन लावला. तिकडची बाई चांगली होती, तिचा काही दोष नव्हता. तिनं विचारलं, "मग दिवाळीनंतर जॉइन होताय ना? राहण्याची सोय झाली का?" मी म्हटलं, "येत नाही. राजीनामा पाठवते." ती म्हणाली, "विचार करा, तिकडं खेड्यात काय स्कोप आहे?" मी म्हटलं, "ते मी बघते, ताई. तुम्ही खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या."

फोन ठेवला तर अम्मी दारात उभी. सगळं ऐकलेलं. तिनं विचारलं, "मतलब जाती नै?" मी म्हटलं, नाही जात. ती तशीच आत गेली, कॉटखाली वाकली आणि माझी पुण्याची बॅग ओढून बाहेर काढली. मला ठाऊकच नव्हतं. तिनं ती कधीची भरून ठेवली होती. वर नवी चादर, तिच्याखाली पुण्याच्या थंडीसाठी स्वेटर, खोलीच्या दाराला लावायला नवं कोरं कुलूप, आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या दोन मोठ्या बरण्या, झाकणाला फडकं बांधून. मी जिंकेन असं तिला वाटलं नव्हतं. एकदा ती अर्धी-पूरी ऐकवली तेवढीच, पुढं मोडता घातला नाही, टेबलावरचं मांजर हाकलत राहिली आणि माझी बॅग भरत राहिली.

"इत्ती चटणी अब कौन खाता गे?" ती माझ्यावर ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली. मलाही रडू आलं. मी एक बरणी तिच्या हातातून घेतली, फडकं सोडलं आणि म्हटलं, मी खाते. इथंच बसून खाते. बघू मला कोण उठवतंय.